घडीच्या चाकूच्या मुठीसाठी कंपोझिट साहित्य कसे निवडावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपोझिट म्हणजे नेमके काय, आणि चाकूच्या मुठीत ते कशासाठी वापरतात?

दोन वेगवेगळे पदार्थ एकत्र बांधून तयार केलेले साहित्य म्हणजे कंपोझिट. मुठीच्या बाबतीत त्यातला एक घटक तंतूंचा असतो (काच, कार्बन, सुती कापड किंवा कागद) आणि दुसरा त्या तंतूंना धरून ठेवणाऱ्या रेझिनचा. ताण तंतू झेलतात. रेझिन त्यांना जागेवर ठेवते, आकार देते आणि पाणी, तेल व घाम यांना आत शिरण्यापासून रोखते. लाकूड, शिंग किंवा हाड यांसारखे नैसर्गिक साहित्य हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. एका जागी पक्क्या बसवलेल्या पात्याच्या चाकूत एवढी हालचाल खपून जाते, परंतु घडीच्या चाकूत पाते मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांमधल्या अरुंद फटीत फिरत असते आणि तिथे मुठीची पट्टी किंचित वाकली तरी पाते एका बाजूला घासू लागते. ऋतू बदलला तरी माप न बदलणारे साहित्य हवे, हीच घडीच्या चाकूची मुख्य गरज आहे आणि कंपोझिटचा इथे झालेला प्रसार त्यातूनच आला आहे.

बाजारात इतकी नावे दिसतात. त्यांतली मुख्य कोणती?

नावे पुष्कळ असली तरी कुळे चारच आहेत.

पहिले जी-१०. विणलेल्या काचतंतूंच्या कापडाचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, उष्णता आणि मोठा दाब देऊन त्याचे तक्ते बनवतात. हे नाव चाकूवाल्यांनी दिलेले नाही. अमेरिकेतील विद्युत उपकरण उत्पादकांच्या नेमा या संघटनेने विद्युतरोधक तक्त्यांसाठी ज्या प्रती ठरवल्या, त्यांपैकी ती एक प्रत आहे.

दुसरे मायकार्टा. वेस्टिंगहाउस कंपनीने १९१० च्या सुमारास तेही विद्युतरोधक म्हणूनच आणले. रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेल्या फिनॉलिक रेझिनमध्ये कापड किंवा कागद मुरवून ते तयार होते. आज हे एका उत्पादकाचे व्यापारी नाव आहे, पण बोलताना कापड आणि फिनॉलिक यांच्या कोणत्याही तक्त्याला लोक सर्रास मायकार्टाच म्हणतात.

तिसरे कार्बन फायबर, म्हणजे कार्बनच्या तंतूंचे कापड आणि इपॉक्सी. चौथे काचतंतूमिश्रित नायलॉन, ज्याला चाकूच्या तपशीलपत्रात एफआरएन म्हणतात आणि जे झायटेल, ग्रिव्हरी अशा व्यापारी नावांनीही दिसते. पहिली तीन तक्त्यांतून कापून घडवली जातात. नायलॉन मात्र साच्यात ओतून थेट मुठीच्या आकारात बाहेर येते. हा फरक लहान वाटला तरी किंमत, पृष्ठभाग आणि ताकद या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो.

निवड करताना सर्वांत आधी काय पाहावे?

मुठीच्या पट्टीखाली धातूचे लायनर आहे की नाही, हे. साहित्याचे नाव त्यानंतर.

लायनर म्हणजे पट्टीच्या आतल्या बाजूस बसवलेला पोलादाचा किंवा टायटॅनियमचा पातळ पत्रा, साधारणतः एक ते दीड मि.मी. जाडीचा. दोन्ही बाजूंना पूर्ण लायनर असतील, तर पिव्हटचा (ज्याभोवती पाते फिरते तो आस), थांबपिनेचा (उघडलेले पाते जिला टेकून थांबते ती पिन) आणि लॉकचा (पाते उघडे धरून ठेवणारी अडकण) सगळा भार त्यांच्यावर जातो आणि वरची पट्टी केवळ हाताला भरीव पकड देण्याचे काम करते. अशा चाकूत मायकार्टा असो, जी-१० असो की स्थिरीकृत (रेझिन भरून घट्ट केलेले) लाकूड, ताकदीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. मग निवड हाताला काय बरे वाटते आणि डोळ्यांना काय आवडते, यावर करायला हरकत नाही.

लायनर नसेल किंवा पट्टीत खोबण करून अर्धाच बसवलेला असेल, तर गणित बदलते. पिव्हटचे छिद्र आता थेट कंपोझिटमध्ये असते, स्क्रू ओढल्यावर पट्टीच दाबली जाते आणि चाकू मुठीत आवळल्यावर पट्टी किती लवते याला महत्त्व येते. अर्धा लायनर बसवण्यासाठी पट्टी आतून कोरलेली असते, त्यामुळे त्या जागी तिची जाडी निम्म्यावरही येऊ शकते. तिथे जी-१० किंवा कार्बन फायबर यांचा ताठपणा खरोखर उपयोगी पडतो.

जाडीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच साहित्याच्या पट्टीचा वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. पट्टी तीन मि.मी. ऐवजी चार मि.मी. केली, तर ती जवळजवळ २.४ पट ताठ होते. मऊ साहित्य जाड घेतले की पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते.

चाकू हलका हवा असेल, तर कार्बन फायबरच घ्यावे का?

याचे उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटते, म्हणून थोडे सविस्तर. समजा पट्टी ११० मि.मी. लांब, २५ मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड आहे. कोपरे, छिद्रे आणि गोलाई सोडून दिली, तर अशा दोन पट्ट्यांचे घनफळ १६.५ घन सेंटिमीटर होते. जी-१० ची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.८ ग्रॅम, कार्बन फायबरची सुमारे १.५५, आणि मायकार्टा व काचतंतूमिश्रित नायलॉन यांची १.४ च्या थोडी खाली. म्हणजे दोन पट्ट्यांचे वजन जी-१० मध्ये सुमारे ३० ग्रॅम, कार्बन फायबरमध्ये २५ ते २६ ग्रॅम आणि मायकार्टा किंवा नायलॉनमध्ये सुमारे २३ ग्रॅम भरते. सारख्याच मापाच्या पट्टीत कार्बन फायबर मायकार्टापेक्षा जडच आहे, आणि जी-१० च्या तुलनेत वाचतात ते जेमतेम चार-पाच ग्रॅम.

आता लायनरकडे पाहू. याच लांबीरुंदीचा १.२ मि.मी. जाडीचा पोलादी पत्रा सुमारे २६ ग्रॅमचा असतो, आणि दोन्ही बाजूंचे मिळून ५० ग्रॅमच्या वर जातात. त्यांना भोके पाडून पोकळ केले किंवा टायटॅनियमचे घेतले, तर पट्टीचे साहित्य बदलून जेवढे वजन कमी होईल त्याच्या कित्येक पट कमी होते. तेव्हा तपशीलपत्रात "कार्बन फायबर" वाचून चाकू हलका असेल असे गृहीत धरू नये. ग्रॅममधला आकडा पाहावा.

कार्बन फायबरचा खरा गुण वेगळा आहे. तंतूंच्या दिशेने त्याचा ताठपणा जी-१० च्या कित्येक पट असतो, त्यामुळे पट्टी पातळ ठेवून किंवा लायनर पूर्णपणे गाळून चाकू बांधता येतो. रचनाकाराने तसे केले असेल, तर वजन खरोखर उतरते. जाड पोलादी लायनरवर कार्बनची चकचकीत पट्टी बसवली असेल, तर तो केवळ दागिना आहे. दागिना वाईट नसतो, फक्त तो कशाचा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असावे.

ओल्या किंवा तेलकट हातात सर्वांत चांगली पकड कशाची?

पकड साहित्यापेक्षा पृष्ठभागावर जास्त अवलंबून असते. हेच जी-१० काचेसारखे गुळगुळीत करता येते आणि कानशीसारखे खरखरीतही ठेवता येते. तक्ता दाबताना वरच्या थरावर नायलॉनचे कापड ठेवून ते शेवटी सोलून काढले, की त्या कापडाच्या विणीचा ठसा उमटतो. यालाच पील-प्लाय पृष्ठभाग म्हणतात. ही पकड इतकी कडक असते, की चाकू खिशाला अडकवणाऱ्या क्लिपखालची शिवण काही महिन्यांत झिजते. अशा वेळी क्लिप ज्या ठिकाणी पट्टीला टेकते तेवढीच जागा ४०० नंबरच्या सँडपेपरने सपाट करावी. पकड कमी होत नाही आणि खिसा वाचतो.

मायकार्टाचा स्वभाव निराळा आहे. चकचकीत पॉलिश केलेले मायकार्टा ओल्या हातात जवळपास प्लॅस्टिकसारखेच वागते. तेच वाळूच्या फवाऱ्याने किंवा खरखरीत सँडपेपरने उघडे केले, तर रेझिनमधून सुताची टोके बाहेर येतात, पाणी लागल्यावर ती किंचित फुलतात आणि हात घसरत नाही. पाण्याजवळ किंवा स्वयंपाकघरात वापरायच्या चाकूसाठी माझी पसंती अशा न चकाकवलेल्या कॅनव्हास मायकार्टाला आहे. ते हाताला बोचत नाही, आणि दीर्घ काळ कापाकापी करायची असेल तर बोचरी पकड शेवटी त्रासदायकच ठरते.

कार्बन फायबर बहुधा गुळगुळीतच विकले जाते, कारण त्याची वीण दिसावी हाच पुष्कळदा उद्देश असतो. नायलॉनमध्ये खवले, चौकटी, रेषा असे हवे ते पोत साच्यातच घालता येतात आणि त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

जी-१० आणि एफआर-४ यांत फरक काय?

रचना तीच, म्हणजे काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी. एफआर-४ च्या रेझिनमध्ये आग लवकर पसरू न देणारे घटक मिसळलेले असतात आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील सर्किट बोर्डांचे ते नेहमीचे साहित्य आहे. मुठीसाठी दोन्ही सारखीच चालतात.

मायकार्टामध्ये कॅनव्हास, लिनन आणि कागद असे प्रकार असतात. कोणता घ्यावा?

कॅनव्हासची वीण जाड असते, त्यामुळे पट्टीला गोलाई दिल्यावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे ठळक पट्टे उमटतात आणि पकडही तिन्हींत चांगली मिळते. लिननचे पट्टे बारीक व दाट दिसतात, आणि छोट्या, पातळ पट्ट्यांत लिनन जास्त शोभते, कारण कडेला तुटलेल्या थरांचा खडबडीतपणा कमी राहतो. कागदी मायकार्टा सर्वांत गुळगुळीत होते. हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या जुन्या मुठी पुष्कळदा याच प्रकारच्या असतात आणि वर्षानुवर्षांच्या प्रकाशाने त्या पिवळसर झालेल्या आढळतात. संग्राहकांना तो पिवळेपणा हवाच असतो. त्यात दोष काही नाही.

मायकार्टा पाण्याने फुगते का? आणि ते काळे पडते, हे खरे आहे का?

ते जी-१० पेक्षा काही पटींनी जास्त पाणी शोषते हे खरे आहे, कारण त्यातले तंतू सुताचे किंवा कागदाचे असतात. तरीही रोजच्या वापरात, पावसात भिजून किंवा नळाखाली धुऊन, पट्टी वाकेल इतके पाणी त्यात जात नाही. चाकू रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणे मात्र टाळावे. पट्टीला त्याने फार अपाय होईल म्हणून नव्हे, तर तिच्याखालच्या लायनरवर पाणी साचून राहते म्हणून.

काळे पडणे हे मायकार्टाचे वैशिष्ट्य आहे. घाम, तेल आणि हाताचा मळ उघड्या सुतात मुरतो आणि फिकट हिरवी किंवा बदामी पट्टी काही महिन्यांत गडद होते, तीही सगळीकडे सारखी नाही. जिथे अंगठा टेकतो तिथे आधी आणि क्लिपखाली सर्वांत शेवटी. हे आवडत नसेल, तर साबणाने घासून बराचसा मळ निघतो आणि उरलेला बारीक सँडपेपरने काढता येतो. चाकू वर्षभर नव्यासारखाच दिसावा अशी इच्छा असणाऱ्याने मात्र मायकार्टा घेऊ नये. त्याला जी-१० बरे.

नायलॉनची मूठ म्हणजे स्वस्तातले काम, असे समजावे का?

नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलेला आहे. त्याचे मूळ बहुधा हातातल्या पहिल्या जाणिवेत असावे. नायलॉन हाताला गरम, हलके आणि पोकळ लागते, आणि बोटाच्या नखाने वाजवल्यावर बंद आवाज येतो. जड म्हणजे मजबूत असे मानणाऱ्या हाताला ते पटत नाही.

प्रत्यक्षात ३० टक्क्यांच्या आसपास काचतंतू मिसळलेले नायलॉन आघात झेलण्यात या चौघांमध्ये बहुधा सर्वांत निर्धास्त आहे. चाकू दगडी फरशीवर पडला, तर कार्बन फायबरच्या कोपऱ्याचा टवका उडण्याची शक्यता असते, आणि नायलॉनवर फक्त ओरखडा येतो. स्पायडर्को कंपनीने १९९० मध्ये एन्ड्युरा आणि डेलिका हे चाकू अशाच मुठींसह आणले. ती मॉडेले आजही बनतात. आरंभी त्यांत लायनर नव्हते. नंतरच्या एका आवृत्तीत मुठीच्या आत भोके पाडलेले पातळ पोलादी लायनर आले आणि बाहेरून मात्र मूठ नायलॉनचीच राहिली.

नायलॉनच्या मर्यादा दोन. पहिली ताठपणाची. लांब, लायनर नसलेली मूठ घट्ट आवळली तर ती लवते, आणि मागच्या बाजूला लॉक असलेल्या चाकूत ते हाताला जाणवू शकते. दुसरी मर्यादा ओलाव्याची. निव्वळ नायलॉन ६६ पाण्यात पूर्ण मुरेपर्यंत ठेवले, तर वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी घेते. काचतंतू मिसळल्यावर हे प्रमाण कमी होते, पण शून्य होत नाही. गंमत म्हणजे थोडा ओलावा नायलॉनला हितकारकच असतो. साच्यातून नुकतेच निघालेले अगदी कोरडे नायलॉन ताठ पण ठिसूळ असते, आणि हवेतला ओलावा घेतल्यावर ते चिवट होते.

साच्यात ओतताना आखूड तंतू प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि जिथे दोन प्रवाह एकत्र येतात, उदाहरणार्थ एखाद्या छिद्राच्या पलीकडे, तिथे जोड कमकुवत राहतो. जुन्या नायलॉनच्या मुठीत तडा शोधायचा असेल, तर पिव्हटच्या आणि क्लिपच्या छिद्रांभोवती शोधावा.

कार्बन फायबरमुळे शेजारचा धातू गंजतो, हे कितपत खरे आहे?

खरे आहे, पण परिस्थितीवर अवलंबून आहे. कार्बन वीज वाहतो आणि धातूंच्या विद्युत-रासायनिक क्रमात तो उदात्त, म्हणजे सोन्यासारख्या सहजी न गंजणाऱ्या, धातूंच्या जवळ बसतो. तो ॲल्युमिनियमला टेकला आणि मध्ये खारे पाणी किंवा घाम आला, की ॲल्युमिनियम झपाट्याने खराब होऊ लागते. साध्या पोलादालाही हा धोका आहे, स्टेनलेसला बराच कमी आणि टायटॅनियमला जवळपास नाही. कार्बन फायबरच्या पट्टीखाली टायटॅनियमचे लायनर हा जोड म्हणून केवळ दिखाऊ नाही.

तक्त्याच्या वरच्या बाजूला रेझिनचा थर असल्यामुळे तिथे तंतू धातूला सहसा टेकत नाहीत. उघडे पडतात ते कापलेल्या कडेला आणि ड्रिल केलेल्या छिद्रांच्या आत. समुद्रावर चाकू नेणाऱ्याने ही छिद्रे पातळ इपॉक्सीचा किंवा सायनोॲक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक हात देऊन बंद करून घ्यावीत, आणि परत आल्यावर चाकू गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करावा.

ठिपक्याठिपक्यांचे, संगमरवरासारखे कार्बन फायबर वेगळे असते का?

विणलेल्या कापडाऐवजी त्यात कार्बन तंतूंचे तुकडे रेझिनबरोबर साच्यात दाबलेले असतात. मोटारी बनवणाऱ्या लॅम्बोर्गिनी आणि गोल्फचे साहित्य बनवणाऱ्या कॅलवे या कंपन्यांनी २०१० मध्ये फोर्ज्ड कंपोझिट या नावाने हे तंत्र पुढे आणल्यावर त्याचे रूप सर्वत्र ओळखीचे झाले. तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्यामुळे ताकदही सर्व दिशांना साधारण सारखी मिळते, मात्र एका दिशेतला कमाल ताठपणा विणलेल्या कापडाइतका राहत नाही. मुठीसाठी दोन्ही पुरेसे आहेत.

खरे कार्बन फायबर आणि वरवरची नक्कल यांत फरक कसा ओळखावा?

कडेकडे पाहावे. खऱ्या तक्त्याच्या कडेला पूर्ण जाडीभर काळे थर दिसतात. नकलेत वरचा पातळ पापुद्रा छापील असतो आणि खाली एकसंध प्लॅस्टिक. दुसरी खूण प्रकाशाची आहे. चाकू हळूहळू फिरवला, तर खऱ्या विणीतले चौकोन आळीपाळीने उजळतात आणि काळे होतात, कारण एका दिशेचे तंतू प्रकाश परावर्तित करतात तेव्हा दुसऱ्या दिशेचे करत नाहीत. छापील नक्षीत हा खेळ होत नाही. शंका राहिलीच, तर मुठीच्या आतल्या बाजूची कड किंचित घासून मल्टिमीटरची टोके तिथे लावावीत. कार्बन वीज वाहतो, काच आणि प्लॅस्टिक वाहत नाहीत.

एक मधला प्रकारही आहे, ज्यात जी-१० च्या गाभ्यावर कार्बनच्या कापडाचा एखादा थर असतो. विक्रेत्याने तसे लिहिले असेल, तर त्यात फसवणूक काही नाही. वजन आणि ताठपणा मात्र जी-१० चाच समजावा.

स्थिरीकृत लाकडाला कंपोझिट म्हणता येईल का?

म्हणता येते. वाळवलेले लाकूड निर्वातात ठेवून त्याच्या छिद्रांत पातळ रेझिन भरतात आणि नंतर उष्णतेने ते घट्ट करतात. साध्या लाकडापेक्षा ते खूपच कमी हलते. परंतु रेझिन प्रत्येक पेशीत पोहोचलेले नसते, म्हणून पूर्ण लायनर नसलेल्या चाकूत ते वापरू नये.

स्क्रू थेट कंपोझिटमध्ये आटे पाडून बसवता येतात का?

टाळावे. तक्त्याचे साहित्य थरांच्या पातळीत मजबूत असते, पण दोन थरांच्या मध्ये फक्त रेझिनची पकड असते. कडेच्या बाजूने, म्हणजे थरांना समांतर स्क्रू घातला, तर तो पाचरीसारखा थर उचकटतो. वरून, थरांना लंब पाडलेले आटे काही काळ टिकतात, पण चाकू उघडून पुन्हा जोडण्याच्या दर खेपेला थोडे झिजतात. चांगल्या रचनेत आटे लायनरमध्ये किंवा धातूच्या पोकळ खांबात असतात आणि पट्टीत स्क्रूच्या डोक्यासाठी फक्त खोलगट जागा असते. क्लिपचे स्क्रू कशात जातात हे खरेदीपूर्वी पाहण्यासारखे आहे, कारण सर्वांत जास्त हिसके तेच खातात.

पिव्हटचा स्क्रू अडकला आहे. तो उष्णता देऊन सोडवला, तर पट्टी खराब होईल का?

काळजी घेतली तर होत नाही. कारखान्यात स्क्रूंना आटे धरून ठेवणारे द्रव्य लावलेले असते आणि ते उष्णतेने नरमते. अडचण अशी, की जी-१० आणि कार्बन फायबरमधले इपॉक्सीही साधारण १३० अंश सेल्सिअसच्या आसपास नरमू लागते. नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना वितळते, पण दबावाखाली त्याच्या बरेच आधी आकार सोडते. म्हणून ज्योत किंवा गरम हवेचे यंत्र वापरू नये, कारण त्यांनी सगळी पट्टी तापते. सोल्डरिंग आयर्नचे टोक फक्त स्क्रूच्या डोक्यात, योग्य मापाच्या खाचेत टेकवावे, काही सेकंद धरून काढावे आणि लगेच चांगल्या प्रतीच्या टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराच्या) बिटने प्रयत्न करावा. सुटला नाही, तर पट्टी हाताला थंड लागेपर्यंत थांबून पुन्हा करावे. स्क्रूभोवतीच्या रेझिनचा रंग तपकिरी व्हायला लागला, तर जास्त झाले असे समजावे.

घरी स्वतः पट्ट्या घडवायच्या असतील, तर कोणते साहित्य सोपे पडते?

मायकार्टा, निःसंशय. ते साध्या हॅकसॉने कापले जाते, कानशीने आकार घेते आणि हत्यारांची धार फार खात नाही. जी-१० मधली काच साधी ड्रिल बिट आणि कानशी पाहता पाहता बोथट करते, त्यामुळे कार्बाइडची हत्यारे घ्यावी लागतात. कार्बन फायबरही तसेच, शिवाय छिद्राच्या पलीकडच्या बाजूला तंतू फाटण्याची प्रवृत्ती त्यात जास्त असते. पट्टीखाली लाकडाचा सपाट तुकडा घट्ट दाबून ड्रिल केले, तर हे फाटणे थांबते. नायलॉनची पट्टी घरी घडवण्यात अर्थ नाही, कारण तिचा सगळा फायदा साच्याचा आहे.

जुना लायनरच ड्रिलसाठी नमुना म्हणून वापरावा आणि दोन्ही पट्ट्या दुहेरी चिकटपट्टीने पाठीला पाठ लावून एकदमच घासाव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंचा आकार तंतोतंत जुळतो. दोन रंगांच्या थरांचे जी-१० घासताना एक मौज दिसते. सपाट भागात एकच रंग असतो, पण कडेला उतार देऊ लागले की खालच्या रंगाची रेघ उमटते, उतार जितका पसरट तितकी रुंद. दोन्ही पट्ट्यांवरच्या या रेघा समोरासमोर जुळल्या, तर घासकाम सारखे झाले असे समजावे.

धूळ हा या कामातला गंभीर भाग आहे. काचतंतूंची धूळ कातडीला खाज आणते आणि डोळ्यांना व श्वासमार्गाला त्रास देते. फिनॉलिकची धूळही अपायकारक आहे. कार्बनची धूळ याशिवाय वीज वाहते आणि जवळच्या विद्युत उपकरणांत शिरून बिघाड करू शकते. एन-९५ किंवा त्याहून चांगल्या प्रतीचा, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क आणि चष्मा वापरावा आणि शक्य तितके घासकाम पाण्यात करावे. सिलिकॉन कार्बाइडचा पाणकागद यासाठीच असतो. ओला चिखल सुकण्यापूर्वी कापडाने पुसून टाकावा. हवेच्या झोताने धूळ उडवू नये, झाडूही मारू नये, आणि कामाचे कपडे घरच्या इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

स्वच्छता कशी करावी?

कोमट पाणी, सौम्य साबण आणि जुना टूथब्रश. चारही प्रकारांना एवढे पुरते. चिकट डागांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. फिनॉलिकला तीव्र अल्कली आणि नायलॉनला तीव्र आम्ले सोसत नाहीत, म्हणून नळी साफ करण्याची किंवा संडास धुण्याची रसायने दूर ठेवावीत. तेल लावून चकाकी आणण्याचा सल्ला मायकार्टाच्या बाबतीत नेहमी ऐकू येतो. पट्टी गडद दिसते हे खरे, पण उघड्या सुताची पकड त्यामुळे कमी होते आणि धूळ अधिक चिकटते.

रंग टिकतात का?

जी-१० मधला रंग पूर्ण जाडीभर असतो, त्यामुळे ओरखडा पडला तरी खाली तोच रंग निघतो. रंगद्रव्य न घातलेले, जेड नावाने विकले जाणारे हिरवट पारदर्शक जी-१० सूर्यप्रकाशात हळूहळू पिवळसर होते. फिनॉलिक रेझिन मुळातच तांबूस तपकिरी असते, म्हणून मायकार्टामध्ये निखळ पांढरा किंवा भडक निळा रंग टिकवणे अवघड जाते. भडक रंग हवा असेल, तर जी-१० किंवा नायलॉनकडे जावे.

पट्टीचा टवका उडाला किंवा थर सुटला, तर दुरुस्ती होते का?

ते कुठे झाले यावर आहे. जी-१०, मायकार्टा किंवा कार्बन फायबरच्या कडेला थर किंचित सुटला असेल, तर फट अल्कोहोलने साफ करून, पूर्ण सुकवून त्यात पातळ सायनोॲक्रिलेट सोडावे. ते आपोआप आत खेचले जाते. मग क्लॅम्पने दाबून ठेवावे आणि नंतर कड घासून सारखी करावी. पिव्हट, थांबपिन किंवा लॉक यांच्या छिद्राजवळ तडा असेल आणि खाली पूर्ण लायनर नसेल, तर डागडुजी न करता पट्टी बदलावी, कारण तिथला जोड सुटला तर पाते बोटांवर मिटू शकते. नायलॉनला बहुतेक गोंद नीट धरत नाहीत, तेव्हा तिथेही नवी पट्टीच.

नवी पट्टी बनवताना किंवा मागवताना जुनीची जाडी पिव्हटपाशी, क्लिपपाशी आणि मागच्या टोकाशी कॅलिपरने मोजून घ्यावी. नवी पट्टी अर्धा मि.मी. जरी जाड निघाली, तरी जुना पिव्हटचा स्क्रू आट्यांत पुरेसा शिरत नाही, आणि ती पातळ असेल तर स्क्रूचे टोक बाहेर येते किंवा स्क्रू पूर्ण आवळूनही पाते सैलच राहते.